खुर्चीत बसलेली बाई

...नाही, पण मी म्हणतो, हात लावायचा नाही म्हणजे काय? सोनं आहे ना? आपलंच आहे ना? कुठून ढापून आणलेलं नाही, रीतसर पावती करून आणलंय, आपल्याच कपाटात, माझ्याच शर्टांच्या खाली ठेवलंय... आणि शर्ट काढताना त्या पेटीला नुसतं बोट लागलं की आतल्या खोलीतून आवाज, "अहो, हात धुतलेत का?" शर्ट घालायला हात धुवायचे! बरं, भिंतीपलीकडून हिला कळतं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तुम्हाला सांगतो, घरात सोनं आहे आणि हात लावायची सोय नाही! असा संसार कुणाच्या वाट्याला आला असेल तर त्यानं हात वर करावा... धुतलेला!

आता तुम्ही म्हणाल, असं आहे तरी काय त्या पेटीत? सांगतो. बायका आहेत. दचकू नका, नाण्यांवरच्या. आपली टांकसाळ दरवर्षी एक सोन्याचं नाणं काढते, इतिहासातल्या एकेका थोर बाईच्या सन्मानार्थ. आमची ही हॉस्पिटलात नर्स होती, सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. निरोप समारंभाला सगळ्यांनी विचारलं, सिस्टर, आठवण म्हणून काय देऊ? लोक अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ घेतात, शाल घेतात, निदान मिक्सर तरी घेतात! ही म्हणाली, ते बाईचं नाणं द्या. वर्गणी काढली बिचाऱ्यांनी, दिलं. तिथून जे सुरू झालं! आता दरवर्षी पेन्शनीतून बाजूला काढून काढून एक बाई घरात येते. एक घोड्यावर बसलेली राणी आहे, एक तारे मोजणारी आहे, एक विमान चालवणारी, एक छापखाना काढणारी. माझं चष्म्याचं दुकान आहे. घरात मी एकटा पुरुष आणि मखमलीच्या पेटीत हा सगळा महिलावर्ग!

दर रविवारी दुपारी ही पांढरे हातमोजे चढवते, पेटी उघडते, आणि मला समोर बसवून एकेकीचं चरित्र सांगते. मी एकदा आपलं सहज विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून, "का गं, ह्या तारेवालीच्या नवऱ्याचं नाव काय?" ही म्हणाली, "कुणालाच माहीत नाही." आणि ते सांगताना चेहऱ्यावर काय समाधान! "बरं, विमानवालीच्या?" "त्याचंही नाही माहीत." म्हटलं, बंद कर पेटी.

माझी धाकटी बहीण आहे ना, तिला तर हा प्रकारच झेपत नाही. येते, पेटीकडे बघते, उसासा टाकते. "वहिनी, गळ्यात नाही, हातात नाही, मग हे सोनं अंगाला लागणार कधी?" ही शांतपणे म्हणते, "वन्सं, त्या बायका आहेत. दागिने नाहीत." बहीण माझ्याकडे बघते, मी छताकडे बघतो. बहीण म्हणते, "दादा, तू काही बोलत का नाहीस?" काय बोलू? मला त्यातल्या कुणाची साधी ओळखसुद्धा करून घेता येत नाही! एकदा मी त्या राणीवरची धूळ पुसायला म्हणून दुकानातला चष्मा पुसायचा फडका काढला... चांगला, मऊ, लोकांच्या डोळ्यांना चालतो... तर ही अशी किंचाळली की शेजारचे विचारायला आले, कुणी पडलं का?

आणि ह्या छंदाचे गुरू वेगळेच. नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्याचे अध्यक्ष. आम्ही त्यांना छापाकाटा म्हणतो, कारण कुठलंही वाक्य सुरू करताना ते म्हणणार, "कसंय, नाण्याला दोन बाजू असतात." तुम्ही म्हणा, आज उकडतंय. "कसंय, नाण्याला दोन बाजू असतात." माणूस वाईट नाही. पण जेवायला बसवलं तर वाटीसुद्धा कडेनं, दोन बोटांत धरून उचलतो!

तर, ह्या वर्षी काय झालं, टांकसाळीनं जाहीर केलं की यंदाची बाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या बाई. आमच्या म्हणजे हिच्या. मोठ्या बाई म्हणजे फार पूर्वीची डॉक्टरीण, जिनं ते हॉस्पिटल काढलं, बायकांना बाळंतपणात मरू द्यायचं नाही म्हणून हट्टानं काढलं, त्या काळात, सगळ्यांची बोलणी खाऊन. तिला जाऊन जमाना झाला, पण तिथल्या नर्सा अजून असं बोलतात जणू बाई आत्ता राउंडला येतील. "चादर नीट घाल, मोठ्या बाई बघतायत." आमच्या हिनं ती बातमी वाचली, पेपर खाली ठेवला, आणि मला म्हणाली, "एवढ्या सगळ्या आणल्या ना, त्या खरं म्हणजे हिची वाट बघत आणल्या."

मला हे माहीतच नव्हतं हो! मी समजत होतो हौस आहे. इतकी वर्षं त्या राण्याबिण्या ही माझ्या शर्टांखाली ठेवत होती, ते एखादीची वाट बघत?

नाणं आलं. हातमोजे आले, टेबलावर पांढरं कापड आलं, मी श्वास घ्यायचा की नाही ते विचारून घेतलं. हिनं नाण्याची डबी उघडून प्रकाशात धरली... आणि हसली. मग हसायची थांबली. मग पुन्हा बघितलं, आणि खुर्चीत टेकली. मला वाटलं, तडा गेलाय. म्हटलं, "काय झालं? फुटकं निघालं का?" सोनं फुटतं का, पण माणूस घाबरला की काहीही विचारतो. ही म्हणाली, "अहो, ह्या मोठ्या बाई नाहीत."

"नाहीत म्हणजे? खाली नाव आहे की!"

"नाव त्यांचंच आहे. चेहरा खुर्चीतल्या बाईचा आहे."

आता हे समजून घ्या. हॉस्पिटलच्या जिन्याच्या वळणावर एक जुना फोटो आहे. मोठ्या बाईंचा तो एवढा एकच फोटो. मध्ये एक खुर्ची, खुर्चीत एक वयस्कर बाई, सुरकुतलेला चेहरा, हात मांडीवर. मागं चारदोन माणसं उभी, त्यात एक किडकिडीत तरुण मुलगी. ती किडकिडीत म्हणजे मोठ्या बाई! आणि खुर्चीत बसलीय ती तिथली सुईण. नव्या नर्सला पहिल्या दिवशी जुन्या नर्सा हे सांगतात, की फोटोवाला आला तेव्हा सुईण एका अवघड बाळंतपणातून नुकती सुटली होती, पायांवर उभी राहीना, आणि खुर्ची होती एकच. फोटोवाला म्हणाला, डॉक्टरीणबाई, बसा. मोठ्या बाई म्हणाल्या, मला काय झालंय? हिला बसू द्या. आता टांकसाळीतल्या चित्रकाराला हे कोण सांगणार? त्यानं बघितलं, खुर्चीत कोण आहे. झालं! जो खुर्चीत तो मोठा! आणि त्याला तरी का हसायचं, आपण सगळे दुसरं काय बघतो?

मी माझं दुकानातलं भिंग आणलं. आयुष्यभर लोकांना स्पष्ट दाखवायचा धंदा केला, म्हटलं आपणही एकदा बघावं. काय कोरली होती हो बाई! डोळ्यांखालची सूज होती, ओठ दमून जरासे उघडे राहिले होते ते होते. राणीचा चेहरा बघा, तारेवालीचा बघा, सगळ्या कशा दूर कुठंतरी बघत असतात, आपण नाण्यावर जाणार हे ठाऊक असल्यासारख्या. ही सरळ समोर बघत होती. आता लवकर आटपा, मला आत जायचंय, अशी.

"नाव काय हिचं?" मी विचारलं.

"माहीत नाही." पण ह्या वेळी चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "कुणालाच माहीत नाही. आम्ही सगळ्या खुर्चीतलीच म्हणायचो."

म्हटलं, मग टांकसाळीला कळवायचं ना! चूक ती चूक. आणि ज्यांची इतकी वाट बघितलीस त्या तर आल्याच नाहीत. ही डबी बंद करत म्हणाली, "कळवू. घाई काय आहे? बसू दे जरा. दमलेली आहे."

ऐकलंत? सोन्याचं नाणं दमलंय! पेटीत ठेवलं, वर माझे शर्ट ठेवले, आणि मला सांगितलं, आवाज करू नका.

आम्ही काही कळवलं नाही, पण दुनिया थांबते का? मोठ्या बाईंच्या एक नात्यातल्या बाई आहेत, त्यांनी पेपरात खडसावलं, "आमची आजी मागं उभी आहे! ही कोण?" टांकसाळीची पळापळ. जाहीर माफी. ज्यांनी ज्यांनी नाणं घेतलंय त्यांनी परत करावं, बदल्यात खऱ्या चेहऱ्याचं नवीन मिळेल, जुनी वितळवली जातील. सरळ मामला! मी दुकान बंद करून घरी आलो, म्हटलं, "चल, चांगलं झालं, तुझ्या मोठ्या बाई येतायत!" तर ही टेबलाशी बसलेली, समोर नाणं, हातमोजे नुसते बाजूला पडलेले.

म्हणाली, "वितळवणार आहेत हो."

"अगं, चुकीचं आहे ते."

"हो ना. एकदाच कुठं तोंड दिसलं, तेही चुकून. ते पण भट्टीत?"

"पण तुझ्या मोठ्या बाईंचा हक्क..."

"त्यांनी स्वतः उभं राहून तिला खुर्ची दिली होती. आता मी तिला उठवू?"

ह्यावर तुम्ही काय बोलला असतात? मी आपला म्हणालो, चहा टाकतो.

तर नाणं परत गेलं नाही. आज पाठवू, उद्या पाठवू करता करता मुदत गेली. आणि मुदत गेल्यावर एके दिवशी दारात छापाकाटा. चेहरा असा, की मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. आत आले, बसले, पाणी प्याले, म्हणाले, "मी मूर्ख आहे." पहिल्यांदाच दोन बाजू नाहीत! भानगड अशी, की हे पडले नियमाचे पक्के, रांगेत पहिला नंबर लावून नाणं परत करून आले. जवळजवळ सगळ्यांनीच केलं. ती सगळी वितळली. आणि आता जगभरातले संग्रह करणारे त्या चुकीच्या नाण्यासाठी जीव टाकतायत, कारण ते उरलंय फार थोड्यांकडे. "आणि वहिनी, त्यात तुम्ही!" असं म्हणून त्यांनी हिच्याकडे असं बघितलं की सासरी निघालेल्या लेकीकडे बाप काय बघेल! "वहिनी, काय दूरदृष्टी! आम्ही वर्षानुवर्षं ह्यात आहोत, पण तुम्ही ओळखलंत!"

ही म्हणाली, "मी काही ओळखलं नाही. ती बसली होती, मी उठवलं नाही."

ते त्यांना काय समजणार? त्यांना वाटलं, मुरलेली व्यापारी आहे. मग प्रस्ताव मांडला. चुकीचं त्यांना द्यायचं, बदल्यात त्यांच्याकडचं खरं मोठ्या बाईंचं घ्यायचं, आणि वर हवं ते मागायचं. "हवं ते!" मी हिच्याकडे बघितलं. तुम्हाला खरं सांगतो, मला वरचं काही नको होतं... म्हणजे बाथरूमचा गळका नळ डोक्यात येऊन गेला, नाही म्हणत नाही... पण मला वाटलं, हिची वाट बघायची एकदाची संपेल. मोठ्या बाई घरी येतील. सुईणीलाही कुणी वितळवणार नाही, छापाकाटाच्या लॉकरमध्ये काळ्या डबीत सुखात राहील. मी म्हटलं, "रविवारी या." ही म्हणाली, "बघू."

बायकोचं 'बघू' म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला लागत नाही. नाण्याला दोन बाजू असतात, 'बघू'ला पाच असतात!

रविवार यायच्या आधी काय झालं ते ऐका. माझ्या बहिणीची मुलगी, आमची भाची, दिवस भरलेले. सकाळी कळा सुरू झाल्या, तिला त्याच हॉस्पिटलात नेलं. बहिणीचा फोन, "दादा, वहिनीला पाठव, पोरगी फार भ्यायलीय." ही निघालीच. आणि निघताना कपाट उघडलं. मी म्हटलं, "ते कशाला?" म्हणाली, "देऊन टाकायचं आहे ना रविवारी? वॉर्डातल्या मुलींना एकदा दाखवते. त्यांनी तिला जिन्यावरच बघितलंय." पर्समध्ये टाकलं! अहो, मला हात धुवायला लावणारी बाई, आणि पर्समध्ये, किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांच्या शेजारी!

तिथं आमची वट विचारू नका. रिटायर झाली तरी ही अजून सगळ्यांची सिस्टर, आणि मी सिस्टरचे मिस्टर. हिला सरळ लेबर रूममध्ये घेतलं. मी आणि बहीण बाहेर बाकावर. आतून पोरीचा आवाज येतोय, "मामी, मला नाही जमत! मामी, मला घरी जायचंय!" बहीण माझा हात इतका दाबतेय की माझी बोटं पांढरी पडली. सोनं सोनं करणारी माझी बहीण, गळ्यातली चेन दातात धरून बसली होती. मी तिला काय धीर देणार? मला फक्त 'वाचा बघू खालची ओळ' एवढंच म्हणता येतं!

आणि मग आवाज बदलला. म्हणजे ओरडणं थांबलं नाही, पण 'घरी जायचंय' थांबलं. काय झालं होतं ते नंतर तिथल्या नर्सनं सांगितलं. पोरगी हात झाडत होती, कुणाला धरू देईना, कुणाचं ऐकेना. हिनं पर्स उघडली, डबी उघडली... कडक बसलेली डबी, अंगठ्याच्या नखानं, हातमोजे नाहीत, काही नाही... नाणं काढलं, पोरीच्या डोळ्यांसमोर धरलं. "हिला बघ. ही ह्याच इमारतीत होती. तुझ्यासारख्या भ्यायलेल्या पोरी हिनं किती सोडवल्या, हिला मोजताही आल्या नसतील. धर हिला. सोडू नकोस." आणि दिलं मुठीत! घामेजलेल्या मुठीत!

दुपारी बाळ झालं. मुलगी. दोघी सुखरूप. आम्हाला आत घेतलं. भाची डोळे मिटून पडलेली, मूठ अजून घट्ट आवळलेली. आमच्या हिनं एकेक बोट उलगडलं आणि नाणं काढलं. पोरीच्या बोटात अंगठी होती, तिनं सुईणीच्या गालावरून कानापर्यंत हा एवढा ओरखडा! वर घाम, बोटांचे ठसे, सगळं. माझ्या तोंडून निघालं, "अगं, ओरखडा!"

ही म्हणाली, "अहो, बाळ बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. मग बघितलं. डोळे उघडे होते तिचे, आणि अशी बघत होती माझ्याकडे, जणू मीच नवीन आलोय.

मग ते नाणं वॉर्डातल्या नर्सांत फिरलं. ह्या हातातून त्या हातात. एकीनं तळहातावर घेऊन वजन बघितलं, एकीनं ओरखड्यावरून बोट फिरवलं, एक तरुण पोरगी नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "किती दमलीय नाही?" इतकी वर्षं मी घसा कोरडा करतोय की घरात सोनं आहे आणि हात लावायची सोय नाही... आणि तिथं अख्खा वॉर्ड हात लावत होता! मला कुणी दिलंच नाही. मी मागितलंही नाही म्हणा. पाळीच येईना!

रविवारी छापाकाटा आले. खिशात मोठ्या बाई, खऱ्या. आमच्या हिनं काही न लपवता ओरखडा वर करून नाणं पुढं ठेवलं. त्यांनी भिंग लावलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा रंग उतरला. "कुणी... कुणी केलं हे?"

"माझ्या भाचीनं. बाळंत होताना."

ते म्हणाले, "कसंय, नाण्याला दोन..." आणि थांबले. भिंग खिशात घातलं. मग म्हणाले, "वहिनी, आता हे फक्त सोनं उरलं हो. वजनाचं." ही म्हणाली, "हो." मग त्यांनी, माणूस चांगला आहे म्हणतो ना, उठता उठता आपलं नाणं हिच्यापुढं धरलं, "निदान बघून तरी घ्या." हिनं हातमोजे घातले. खिडकीशी नेलं. किडकिडीत, तरुण, मान जरा वाकडी. हिनं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि परत दिलं. तो माणूस जिना उतरेपर्यंत दारात उभी होती.

मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं ना." दार लावत म्हणाली, "फार वाटलं. पण मोठ्या बाईंना नसतं वाटलं."

झालं, संपलं, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं! पुढल्याच आठवड्यात वॉर्डातून फोन. "सिस्टर, एक जण फार घाबरलीय, ते नाणं पाठवता का?" पाठवता का! जेवणाचा डबा आहे का तो? आता हे नेहमीचंच झालंय. नाणं जातं, मुठीत बसतं, परत येतं, ही ते हत्यारं उकळतात तसं उकळते... सोनं, पातेल्यात, उकळतं! छापाकाटाला कुणी सांगू नका... आणि कोरडं करून ठेवते, की पुन्हा फोन. ओरखडे आता मोजायचे सोडलेत. आणि ही गुडघ्यांनी बेजार, जिना चढवत नाही. मग घेऊन कोण जाणार?

काल दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, डोळ्यांवर नंबर तपासायची जड फ्रेम, एक काच लावलेली, एक लावायची. फोन आला. नाणं हल्ली दिवसा माझ्याच गल्ल्यात असतं, ते खिशात टाकलं, म्हटलं, "साहेब, जरा बसा, आलोच." ते त्या एका काचेतून माझ्याकडे बघत विचारतात, "अहो, असं मध्येच सोडून निघालात कुठं?"

म्हटलं, "बाळंतपणाला."

"अरे वा! कोणाचं?"

आता काय सांगणार? म्हटलं, "ते मला तिथं गेल्यावर कळेल!"